गाडी पुढे, उकिडवे मागे

मिशिगनमधल्या नोव्हाय गावी प्रत्येक मराठी घरात एक तरी माणूस असा असतो, की ज्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो नायगाऱ्याचा रस्ता सांगेल. उकिडव्यांच्या घरात अशी दोन माणसं होती. भारतातून येणारा प्रत्येक मामा, मामेसासू, कॉलेजचा मित्र आणि त्या मित्राचा साडू यांना नायगारा दाखवणं हे गृहस्थाश्रमातलं कर्तव्य असल्यामुळे प्रल्हादराव उकिडवे आणि त्यांच्या पत्नी शरयूवहिनी यांच्या वीस वर्षांतल्या बहुतेक सुट्ट्या त्या एकाच दिशेला वाहून गेल्या होत्या. शरयूवहिनींना त्या धबधब्याबद्दल आता बरी-वाईट कुठलीच भावना उरली नव्हती. पाणी अजून खालीच पडतंय ना, एवढं बघून त्या गाडीत येऊन बसत आणि पाहुण्यांसाठी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडत.

दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात शेवटच्या पाहुण्याला विमानतळावर सोडून परत येताना त्या म्हणाल्या, "मला एक सुट्टी अशी हवीय, की जिच्यात मी गाडीत बसणार नाही."

 हे वाक्य प्रल्हादरावांना जरा लागलं. ते ज्या कंपनीत होते तिथे मोटारींच्या सीटा बनत. मोटारीची सीट ज्या रुळावरून मागे-पुढे सरकते, तो रूळ हे त्यांचं खास क्षेत्र. अमेरिकेतली लाखो माणसं रोज सकाळी खालची दांडी ओढून आपली सीट पुढे घेतात आणि आपण प्रल्हादरावांच्या आयुष्याला हात लावला हे त्यांच्या गावीही नसतं. आणि इथे खुद्द त्यांच्या पत्नीला सीटच नको होती.

घरी आल्यावर वहिनींनी पोळपाटाच्या खणातून एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढलं. फ्रान्समधल्या पायी सहलींची ती माहिती होती. द्राक्षांचे मळे, किल्ले, मध्ययुगीन गावं. गाइड नाही, बस नाही, घोळका नाही. हातात नकाशा देतात, आपलं आपण चालायचं आणि संध्याकाळी पुढच्या गावात पोचायचं. बॅगा ते लोक पुढे नेऊन ठेवतात. पुढच्या वळणावर काय आहे हे कुणी आधी सांगत नाही, हे वहिनींनी दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा इंग्रजीत आणि मग, विषय नीट समजावा म्हणून, मराठीत.

प्रल्हादरावांनी शब्द दिला. प्रल्हादराव शब्द क्वचित देत आणि दिला की त्याची फाइल करत. या शब्दाची फाइल त्यांनी व्हिसासाठी केली. प्रत्येक मुक्कामाला वेगळ्या रंगाचा टॅब, मागे परिशिष्टं, आणि पहिल्या पानावर दोघांचे फोटो. शिकागोतल्या वकिलातीच्या खिडकीमागच्या बाईंनी ती फाइल हातात घेतली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच आदर उमटला. त्यांनी ती आदराने उघडली, आदराने प्रल्हादरावांचा पासपोर्ट पाहिला आणि तितक्याच आदराने सांगितलं की सहल संपल्यावर थोड्याच दिवसांत या पासपोर्टची मुदत संपतेय, त्यामुळे यावर व्हिसा मिळणार नाही. नवा पासपोर्ट येईपर्यंत फ्रान्समधली द्राक्षं तोडून झाली असती. यात त्या बाईंचा काही दोष नव्हता, फ्रान्सचा तर नव्हताच. त्या फाइलीत फक्त पासपोर्टच्या मुदतीला टॅब नव्हता.

परतीच्या रस्त्यावर, शिकागो ते नोव्हाय, वहिनींनी ती फाइल मांडीवर धरली होती. त्या सीटवर बसल्या होत्या, हेच प्रल्हादरावांना पुरेसं बोचत होतं.

मार्ग काढला तो मुलीने. अनन्या ॲन आर्बरला कॉलेजात होती आणि शनिवारी कपडे धुवायला घरी येत असे. ड्रायरमधून मोजे काढता काढता ती म्हणाली, "बाबा, मिशिगन हॅज व्हाइनयार्ड्स. लाइक, अ लॉट. अप नॉर्थ."

आणि खरंच होते. उत्तरेला, जिथे मिशिगन सरोवरात जमिनीचे लांबट तुकडे घुसलेत, तिथे टेकड्यांवर द्राक्षांचे मळे होते. प्रल्हादरावांनी इंटरनेटवर आणखी शोधलं तर त्याच भागात एक किल्ला निघाला, आणि सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी शेतात उभं राहणारं एक मध्ययुगीन गाव निघालं. त्यात लोक जुने पोशाख घालून राजा, लोहार आणि भिकारी होतात. प्रल्हादरावांना वाटलं, झालं की. कॉलेजात असताना त्यांनी सह्याद्रीतले झाडून सगळे गड पायी पाहिले होते, त्यामुळे अमेरिकेतल्या किल्ल्याबद्दल त्यांचं मत आधीच तयार होतं. ज्याला शत्रूच नाही तो किल्ला कसला. पण वहिनींसाठी चालेल.

बातमी मराठी मंडळात पसरायला एक पॉटलक, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेलं एक जेवण, पुरला. श्रीरंग आणि दीपा या मंडळातल्या जोडप्याच्या बेसमेंटमध्ये, मसालेभाताच्या ट्रेभोवती उभं राहून नोव्हायने या सहलीवर विचार केला. श्रीरंगचं म्हणणं पडलं की यार, चालायचंच आहे तर मॉलमध्ये चालावं, तिथे एसी असतो. दीपाला अस्वलांची काळजी वाटत होती. अस्वलांना हिंगाचा वास सहन होत नाही असं तिने कुठेतरी वाचलं होतं, की तिच्या स्वतःच्या मनात आलं होतं, हे तिला नक्की आठवत नव्हतं. एकाने बजावलं की तिकडे फुटपाथ नसतात. दुसऱ्याने विचारलं की मग मध्येच पाऊस आला तर गाडी कोण आणणार. गाडीशिवाय सहल ही कल्पना मंडळाच्या गळी काही केल्या उतरेना. ज्या गावाचं पोट मोटारींवर चालतं तिथे असं काही करणं म्हणजे आपल्याच धंद्याशी फितुरी, असा एक सूर निघाला.

समजून घेतलं फक्त श्रीरंगच्या आईने. कांचनकाकू नागपूरहून आल्या होत्या आणि सोफ्याच्या कोपऱ्यात शाल पांघरून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "गाडी आहे ना घरी? मग पायी काहून चालता?" वहिनी काही सांगणार तेवढ्यात काकूंनी स्वतःच उत्तर काढलं. नवस असणार. त्यांनी वहिनींचा हात हातात घेतला, कशाचा ते विचारलं नाही आणि निघताना एक नारळ दिला. हा डिकीत टाकायचा नाही, अंगाबरोबर न्यायचा, असं बजावूनही ठेवलं.

आता राहिला प्रश्न बॅगांचा. सरोवराकाठच्या त्या गावातला एक इसम बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवायला तयार होता. पण आपली बॅग परक्या माणसाच्या हाती देणं प्रल्हादरावांच्या स्वभावात नव्हतं. शिवाय बॅगेत राइस कुकर होता. वहिनींनी स्वयंपाक करायचा नाही असं ठरलेलं होतं, म्हणून तो वहिनींना न सांगता टाकला होता. प्रल्हादरावांनी रात्रभर विचार करून एक पद्धत काढली. रोज पहाटे उठून त्यांनी एकट्याने मिनिव्हॅन पुढच्या मुक्कामी नेऊन ठेवायची, तिथून चालत मागे यायचं आणि मग वहिनींना घेऊन तोच रस्ता पुन्हा चालायचा. वहिनी गाडीत बसणार नाहीत. बॅगा परक्याच्या हाती जाणार नाहीत. दिवसाला सहा-सात मैलांची चाल. हेच सहा-सात मैल त्यांना दोनदा चालावे लागणार होते, हा हिशेब त्यांच्या डोक्यात आला होता. पण रूळ म्हटला की वस्तू मागे-पुढे होणारच, ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा होती.

सरोवराकाठच्या त्या गावापर्यंत वहिनी गाडीनेच आल्या, तो प्रवास सुट्टीत धरायचा नाही असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी पहाटे ते मळ्यातल्या मुक्कामी गाडी लावून परत चालू लागले, आणि उत्तर मिशिगनच्या माणुसकीशी त्यांची गाठ पडली. येणारी प्रत्येक गाडी थांबे. काच खाली होई आणि आतला माणूस विचारी, सगळं ठीक आहे ना? गाडी बंद पडलीय का? प्रल्हादराव सांगत, माझी गाडी उत्तम आहे. त्यावर आतल्या माणसाचा चेहरा अधिकच काळजीत पडे. गाडी बंद पडलेला माणूस त्यांना समजत होता. गाडी उत्तम असून चालणारा माणूस ही गंभीर बाब होती.

कुणीतरी बहुधा कळवलं असावं, कारण थोड्या वेळाने शेरीफच्या खात्याचा एक तरुण अधिकारी गाडीतून उतरला. त्याने टोपी नीट केली आणि अत्यंत सौजन्याने विचारलं की आपण कुठे निघालात.

"बायकोकडे."

"आणि आलात कुठून?"

"गाडीकडून."

"मग बायकोला घेऊन कुठे जाणार?"

"गाडीकडे."

अधिकाऱ्याने थोडा विचार केला. गाडीच बायकोकडे नेली असती तर, असं त्याने सुचवून पाहिलं. प्रल्हादरावांनी सांगितलं की बायकोला गाडीत बसायचं नाहीये. अधिकारी काही क्षण दूर शेताकडे बघत उभा राहिला. त्याच्या बोटात लग्नाची अंगठी होती. मग "गुड लक, सर," म्हणून तो निघून गेला, आणि या देशात आपल्याला समजून घेणारं सरकार आहे या भावनेने प्रल्हादराव भारावून गेले.

वहिनी मुक्कामाच्या घराच्या पायऱ्यांवर बूट घालून बसल्या होत्या. सकाळ चढली होती. निघाले. पहिली टेकडी चढून गेल्यावर वहिनी थबकल्या. खाली उतारभर द्राक्षांच्या रांगा होत्या, विंचरलेल्या केसांसारख्या सरळ. त्यांच्या खाली पाणी होतं आणि त्या पाण्याला पलीकडचा किनारा नव्हता. निळा रंग इतका होता, की वहिनींच्या तोंडून नुसता एक श्वास बाहेर पडला.

"हे काहीच नाही," प्रल्हादराव म्हणाले. "पुढे वळणावर लाल कोठार आहे. त्याच्या मागून तर अजून छान दिसतं."

लाल कोठार आलं. मग प्रल्हादरावांनी एक लाकडी पूल सांगितला, तोही आला. एका पडवीत झोपलेलं पिवळं कुत्रं सांगितलं, ते अजून झोपलेलं होतं. त्यांना वाटत होतं, आपण किती उपयोगी पडतोय. जिथे दगड होते तिथे ते आधीच "जपून" म्हणत, जिथे सफरचंदांची बाग होती तिथे आधीच डावीकडे बोट दाखवत. हरणंही त्यांनी सांगून ठेवली होती, पण हरणांना पद्धत नव्हती, ती निघून गेली होती. वहिनी "हं" म्हणत होत्या. संध्याकाळी मळ्यात पोचेपर्यंत त्यांचे हं बारीक होत गेले होते, पण तोवर प्रल्हादरावांच्या टाचांना एवढे फोड आले होते की बारीकसारीक गोष्टींकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या पहाटे लंगडत लंगडत त्यांनी गाडी त्या मध्ययुगीन गावाच्या शेतात नेली. शेतात अजून कुणी नव्हतं म्हटलं तरी चालेल. तंबू होते, लाकडी वेस होती, आणि मधोमध एक सुंदर, सपाट, नुकतीच वाळू पसरलेली जागा होती. एवढी चांगली जागा पार्किंगला ठेवलीय हे पाहून प्रल्हादरावांना आयोजकांचं कौतुक वाटलं. त्यांनी गाडी बरोबर मधोमध लावली. कडेला एका पिकअपच्या मागच्या फळीवर जीन्स घातलेला एक धिप्पाड माणूस डोनट खात बसला होता. पिकअपच्या दारावर विम्याच्या एजन्सीचं नाव होतं आणि त्याच्या शेजारी एक मुकुट ठेवला होता. दोघांनी एकमेकांना हात केला.

दुपारी उकिडवे दांपत्य झाडीतून बाहेर पडून वेशीवर आलं तेव्हा सगळं पालटलं होतं. पताका लागल्या होत्या, ढोल वाजत होते, लोहाराच्या भट्टीतून धूर निघत होता. बाकी सगळी माणसं कुंपणापलीकडे गाड्या लावून आली होती. रानातून पायी आलेले, हातात काठ्या घेतलेले, धुळीने माखलेले असे हे दोघेच. वहिनींनी सलवार-कमीज घातली होती. वेशीवरच्या भालदाराने त्यांना पाहिलं, क्षणभर विचार केला आणि भाला आडवा धरून गुडघा टेकला. दूरदेशीचे यात्रेकरू आले आहेत, त्याने ओरडून सांगितलं. गर्दी दुभंगली. बासरी वाजली. एक लठ्ठ भिकारी वहिनींच्या पुढे पुढे रस्ता झाडत चालू लागला.

वहिनींच्या चेहऱ्यावर जे होतं, ते प्रल्हादरावांनी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. लग्नात शामियान्याला आग लागली होती, ती गोष्ट वेगळी.

राजा सिंहासनावर बसला होता. लाल झगा, दाढी, मुकुट. वहिनी त्याच्यापुढे गेल्या आणि थांबल्या. राजापुढे रिकाम्या हाताने जायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी पाठीवरच्या पिशवीतून कांचनकाकूंचा नारळ काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. राजा उठून उभा राहिला. त्याने नारळ दोन्ही हातांत घेतला आणि अशा काही गांभीर्याने कपाळाला लावला, की आजूबाजूची शे-दीडशे माणसं एकदम शांत झाली. मग त्याने भारदस्त आवाजात विचारलं, हे पुण्यवान स्त्री, तू कुठून आलीस?

वहिनींनी ज्या मळ्यातून सकाळी निघाल्या त्याचं नाव सांगितलं.

"चालत?" राजा म्हणाला, आणि त्याचा भारदस्त आवाज जरा ढळला. "म्हणजे, मुद्दाम?"

वहिनींनी मान डोलावली. राजाने मुकुट काढला आणि त्यांना मुजरा केला.

आणि नेमक्या त्या क्षणी प्रल्हादराव वहिनींच्या कानाशी लागून म्हणाले, "हा विमा एजंट आहे. सकाळी मी ह्याला डोनट खाताना बघितलं."

वहिनी हळूच वळल्या. गर्दीतून बाहेर, एका तंबूमागे गवताच्या गाठी रचल्या होत्या तिथे जाऊन बसल्या. प्रल्हादराव लंगडत मागोमाग गेले. वहिनींचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही मला काल कोठार सांगितलंत," त्या म्हणाल्या. "पूल सांगितलात, कुत्रं सांगितलंत. आज राजा सांगितलात. अहो, वीस वर्षं मी नायगाऱ्याला जातेय. पुढे काय येणार ते मला पाठ असतं. मला एकदा काहीतरी येताना बघायचंय, बस. तुमच्या आधी बघायचं असं म्हणत नाही मी. तुमच्याबरोबर बघेन. पण तुमच्यानंतर नको."

प्रल्हादरावांनी तोंड उघडलं. बॅगा, फोड, दोनदा चाललेले मैल, हे सगळं जिभेवर आलं होतं. पण हे सगळं ज्या पद्धतीसाठी केलं, ती पद्धतच वहिनींची सुट्टी खात होती, हे त्यांना त्या गवताच्या गाठीवर बसल्या बसल्या इतकं लख्ख दिसलं, की त्यांनी तोंड मिटलं.

"उद्या एकच दिवस उरलाय," वहिनी म्हणाल्या. "उद्याही तसंच होणार असेल, तर मी इथूनच गाडीत बसते. घरी जाऊ. तिथून नायगारा तरी जवळ आहे."

या प्रश्नाचा निकाल प्रल्हादरावांच्या हातून लागणं शक्यच नव्हतं, कारण तो आधीच लागला होता. गाडी आणायला म्हणून ते वाळूच्या त्या सुंदर जागेकडे गेले तर भोवती खांब रोवून लाकडी कठडा उभा राहिला होता. कठड्याच्या आत एका बाजूने काळा घोडा आणि दुसऱ्या बाजूने पांढरा घोडा, पाठीवर चिलखत घातलेले दोन तरुण, हातांत लांब भाले, आणि दोघांच्या बरोबर मधोमध उकिडव्यांची मळकट सोनेरी मिनिव्हॅन. ती जागा द्वंद्वयुद्धाची होती. निवेदकाने गाडीला जादूगाराचा लोखंडी राक्षस ठरवून टाकलं होतं आणि दोन्ही सरदार आळीपाळीने तिच्या भोवती घोडे दौडवत होते. प्रेक्षकांना हे भाले एकमेकांवर चालवण्यापेक्षा जास्त आवडलं होतं.

गाडी काढायची तर खांब उपटायला हवेत, आणि खांब रविवारी संध्याकाळीच निघणार, असं कळलं. प्रल्हादराव राजाकडे दाद मागायला गेले. राजाने नारळ मांडीवर ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि मग वाकून, खालच्या आवाजात, पूर्णपणे विसाव्या-एकविसाव्या शतकात येऊन सांगितलं की घोडे आणि मोटार एकाच रिंगणात हलवणं आमच्या पॉलिसीत बसत नाही. धंद्यातल्या माणसाने दिलेला हा निकाल प्रल्हादरावांना मान्य करावा लागला. एक छोटी पिशवी तेवढी चिलखतवाल्या सरदाराने गाडीतून काढून भाल्याच्या टोकाला लावून आणून दिली. राइस कुकर रणांगणातच राहिला. तो काढू का, असं सरदाराने विचारलं होतं, आणि बॅगेत कुकर आहे हे वहिनींना त्याच वेळी कळलं.  त्या हसल्या.

तिसऱ्या पहाटे त्या गावाशेजारच्या सरायीतल्या खोलीत प्रल्हादरावांना सवयीने जाग आली. सवयीने त्यांनी बूटही घातले. खाली येऊन पायरीवर बसले तेव्हा बाहेर धुकं होतं आणि रस्ता त्यात शिरून नाहीसा होत होता. गाडी नव्हती, पण पाय होते. जरा पुढे जाऊन यावं का? किल्ल्यापर्यंत नाही, पहिल्या वळणापर्यंत. नुसतं बघून. पुढे चिखल असला तर? रस्ता चुकला तर? आयुष्यात त्यांनी कुठलीही गोष्ट आधी तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाला दाखवली नव्हती. ते उठले, चार पावलं गेले, थांबले. मग परत येऊन त्यांनी बूट काढले आणि टाचांना मलम लावत बसले. वहिनी वरच्या खिडकीतून हे सगळं पाहत होत्या, हे त्यांना माहीत नव्हतं.

रस्ता दोघांनाही अनोळखी होता. नकाशावर नुसती एक रेघ होती. दोन्ही बाजूंच्या मेपलांचे शेंडे लाल व्हायला लागले होते. एका ठिकाणी हरणं आली, सात-आठ, आणि रस्ता ओलांडताना शेवटचं पिल्लू उभं राहून या दोघांकडे बघत बसलं. कुणी कुणाला "ते बघ" म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती, दोघांच्याही मानांना एकदमच कळलं होतं. प्रल्हादरावांना वाटलं, हे असं असतं होय. गेले दोन दिवस आपण चाललो ते काय होतं मग? पाहणी होती.

अर्थात मधूनमधून त्यांना फार त्रास होई. प्रत्येक वळण आलं की ते मान लांब करून पुढे बघत. वहिनी मात्र वळण जवळ आलं की पावलं मुद्दाम हळू टाकत.

दुपार कलताना एका लांब चढणीवर मागून एक पिकअप आली आणि उत्तर मिशिगनच्या रिवाजाप्रमाणे थांबली. आत पांढऱ्या केसांची एक बाई होती. गाडी बंद पडलीय का, तिने विचारलं. नाही, चालतोय, किल्ल्याकडे, प्रल्हादरावांनी सांगितलं. बाईचा चेहरा उजळला. बसा मागे, तिथेच चाललेय मी. वहिनींनी नको म्हणून आभार मानले. बाई म्हणाली, बरं, पण आता जवळच आहे, ही चढण संपली की दिसेल. आणि तुम्हाला माहितीय का, तो किल्ला मुळात बांधला होता तो...

"प्लीज," प्रल्हादराव म्हणाले. त्यांनी हात वर केला होता. रहदारीच्या पोलिसासारखा. "मॅडम, आम्हाला सांगू नका."

बाई थांबली. तिने प्रल्हादरावांकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. मग तिने ओठांवर बोट ठेवलं, गाडी सुरू केली आणि चढणीपलीकडे निघून गेली. धूळ खाली बसेपर्यंत दोघं तिथेच उभी होती. वहिनी नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांना माहीत होतं, की ते वाक्य पुरं व्हावं म्हणून या माणसाने काय वाटेल ते दिलं असतं.

चढण संपली. दोघं एकदम वर आली.

खाली हिरव्यागार कुरणात तो उभा होता. करड्या दगडाचे बुरूज, उंच तट, मधोमध कमानीचा प्रचंड दरवाजा. मागे सगळं सरोवर उतरत्या उन्हात पेटलेलं. प्रल्हादरावांची नजर आधी सवयीने फिरली. तट कुठे कमजोर आहे, दरवाजा कुठल्या दिशेला आहे, पाण्याची सोय काय. काहीच जुळेना. तटाला मारा करायच्या जंग्या नव्हत्या. दरवाज्यापुढे खंदक नव्हता. दरवाज्यापर्यंत जाणारा रस्ता रुंद, सोपा, कुणाचीही वाट न अडवणारा होता. हा किल्ला कुणापासून बचाव करायला बांधलाच नव्हता. मग कशासाठी?

तेवढ्यात डावीकडच्या झाडीतून एक घंटा वाजली, आणि गाई आल्या.

एकामागून एक, तांबूस-पांढऱ्या, भरल्या सडांच्या. घाई नाही, कुणी हाकत नाही. पहिली गाय त्या प्रचंड कमानीखाली पोचली तेव्हा क्षणभर थांबली, मान वर करून तिने एकदा सरोवराकडे पाहिलं आणि मग राणीने महालात जावं तशी आत गेली. तिच्यामागे दुसरी. तिसरी. बुरुजांच्या सावल्या त्यांच्या पाठींवरून सरकत होत्या. कमानीत दगडात कोरलेलं गाईचं मस्तक दिसत होतं, शिंगांभोवती फुलांची माळ. कुणीतरी, कधीतरी, एवढा दगड इथवर वाहून आणला होता. एवढे बुरूज चढवले होते, सरोवर दिसेल अशी जागा निवडली होती. हा सगळा गोठा होता.

तट बांधायला माणसाला काय काय कारणं लागतात, ते प्रल्हादरावांनी उभ्या सह्याद्रीत पाहिलं होतं. हे कारण त्यांनी कुठेच पाहिलं नव्हतं.

गाई जात राहिल्या. पिकअपवाली बाई दरवाज्याशी उभी होती. तिने वर टेकडीकडे पाहून हात हलवला, पण हाक मारली नाही.

 वहिनींच्या गालांवर ऊन होतं आणि डोळ्यांत पाणी होतं, ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. शेवटची गाय आत गेली, घंटेचा आवाज दगडात विरला, तेव्हा त्यांनी शेजारी बघितलं. प्रल्हादराव ताठ उभे होते, ओठ घट्ट मिटून, एखाद्या मुलाने तोंडात गोळी लपवावी तसे.

वहिनींना त्यांची दया आली.

"बोला आता," त्या म्हणाल्या. "केव्हाचं पोटात दुखत असेल. बुरूज, दरवाजा, काय असेल ते सांगा. मी ऐकते."

प्रल्हादरावांनी तोंड उघडलं. एकदा किल्ल्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे, आणि बराच वेळ बायकोकडे.

त्यांना काही सुचेना.